जुन्या गाड्यांचं लिहा, पण कामाचं लिहा

पद्मिनी कार, चेतक स्कूटर, आरएक्स आणि बुलेट मोटरसायकली, कमांडर जीप. यातली एखादी ज्यांच्या दारात होती किंवा आजही आहे, त्यांनी लिहा. ‘काय गाडी होती राव’ हे सगळ्यांनाच माहीत आहे, ते सोडा. मराठवाड्याच्या हिशोबानं सांगा: मे महिन्यातलं बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री ऊन, पावसाळ्यातली रेगडी, बोअरचं जड पाणी. यांनी गाडीचं नेमकं काय व्हायचं आणि त्यावर इलाज काय? आलेली उत्तरं गाडी आणि गावाच्या नावानं खाली दिली आहेत.

प्रीमियर पद्मिनी, परभणी

उन्हाळ्यात पद्मिनी चालताना कमी आणि थांबल्यावर जास्त दगा द्यायची. चहाला दहा मिनिटं थांबलं की इंजिनावरून हवा जायची बंद होते. ब्लॉकची उष्णता त्याला चिकटलेल्या पेट्रोल पंपात उतरते आणि आतल्या पेट्रोलची वाफ होते. मग पंपाचा पडदा नुसती वाफ दाबत बसतो, कार्बोरेटर कोरडा. अशा वेळी स्टार्टर मारत राहिलं तर बॅटरी बसते, दुसरं काही होत नाही.

ओलं फडकं पंपावर आणि तिथून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीवर गुंडाळायचं, बॉनेट उघडं ठेवायचं, थोडा दम धरायचा. तांब्यानं पाणी ओतू नका. डिस्ट्रिब्युटर भिजला तर दुखणं वाढतं.

कायमचा इलाज म्हणजे पंप आणि ब्लॉकमधलं बेकेलाइटचं जाड पॅकिंग. ते तडकलं की मिस्त्री कागदी पॅकिंग मारून मोकळे होतात आणि उष्णता सरळ पंपात जाते. उलट, दोन जाड पॅकिंगं एकावर एक घातली तर पंपाची दांडी कॅमपर्यंत पुरती पोचत नाही, स्ट्रोक कमी पडतो आणि गाडी चढावर तहानते. जाडी मूळचीच ठेवा.

मारुती ८००, लातूर

१९८३ ला आलेली ही ७९६ सीसीची गाडी साधी, पण हेड (सिलिंडरवरचं झाकण) अॅल्युमिनियमचं. एकदा तापवली की हेड वाकतं आणि गॅसकेट जातं. इकडं तापण्याचं कारण बहुतेक वेळा रेडिएटरमध्ये घातलेलं बोअरचं पाणी असतं. त्यातल्या क्षारांचा पांढरा थर नळ्यांत बसतो. वरून रेडिएटर छान दिसतो, आतून निम्म्या नळ्या बंद. इंजिन गरम असताना रेडिएटरच्या जाळीवर हात फिरवून पाहा (पंख्याची वायर काढून, तो कधीही सुरू होतो). मध्येच थंड पट्टे लागले तर तिथल्या नळ्या बुजल्यात. तयार कूलंट घाला, नाहीतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. पिण्याचं फिल्टरचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे.

पंखा लागत नसेल तर त्याला बॅटरीचा थेट करंट द्या. फिरला तर थर्मोस्विच (तापल्यावर पंखा लावणारा), फ्यूज किंवा वायरिंग बघा, नाही फिरला तर मोटर गेली. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून फेकण्याची इकडं फार खोड आहे. त्यानं थंडीत इंजिन गरमच होत नाही आणि अॅव्हरेज पडतं. बुजलेला रेडिएटर तसाच राहतो तो राहतोच.

चेतक, संभाजीनगर

वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना आला, त्यामुळं या गाडीबद्दल इथं प्रत्येकालाच दोन शब्द बोलायचे असतात. माझे दोन: कलती करून चालू करणं हा इलाज नव्हे. रोज कलती करावी लागते त्या गाडीच्या कार्बोरेटरमधली फ्लोट सुई (पेट्रोल आत सोडणारी) अडकते किंवा पायलट जेट (पेट्रोलचं बारीक भोक) बुजलेला असतो. जेट साफ करताना वायरमधली तांब्याची बारीक तार वापरा. स्टीलच्या तारेनं भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते.

गिअर निसटणं हे दुसरं. हँडलपासून दोन केबली जातात, एक वर ओढणारी, एक खाली. त्या सैल ठेवून चालवली की आतला क्रॉस (गिअर पकडणारा फुलीच्या आकाराचा तुकडा) गिअरमध्ये पुरता बसत नाही, त्याच्या कडा गोल होतात आणि दुसऱ्या गिअरमधून गाडी न्यूट्रलला पडायला लागते. क्रॉस बदलायचा तर इंजिन उघडावं लागतं, केबल ताणायला पाना पुरतो.

टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचं) लिटरभर पेट्रोलला २० मिली. ‘थोडं जास्त घातलं तर इंजिनाला बरं’ म्हणणाऱ्याचा सायलेन्सर कार्बननं भरतो आणि गाडी लोड घेत नाही. चाकाचं रिम दोन फाकींचं असतं. नट सोडण्याआधी हवा पूर्ण काढा, नाहीतर फाक तोंडावर येते.

यामाहा आरएक्स १००, नांदेड

दोन ऑइल सील ओळखता आले पाहिजेत. क्रँकचं डावं, मॅग्नेटोकडचं सील गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, गाडी थ्रॉटल सोडला तरी घोंगावत राहते. तशीच उन्हात पळवली तर पिस्टन धरलाच म्हणून समजा. उजवं, क्लचकडचं गेलं तर गिअर ऑइल इंजिनात जळतं: दाट पांढरा धूर, आणि गिअर ऑइल गळती न दिसता कमी होतं. धूर दिसला की लोक टूटी ऑइल सोडणारा पंप कमी करतात. उजवं सील गेलेलं असताना त्यानं धूर तर जात नाहीच, वर सिलिंडर कोरडा पडतो.

बुलेट, कास्ट आयर्न, बीड

किक मारायला ताकद लागत नाही हो. चावी फिरवा, किक हळूच दाबत जा. अँपिअरचा काटा उणे बाजूवरून मध्यावर आला आणि किक कडक लागली की थांबा. डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर) दाबून किक किंचित पुढं सरकवा, डीकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि आता एकच पूर्ण मारा. तरीही उलटी मारते? मग टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढं गेलंय किंवा ते मागं-पुढं करणाऱ्या अॅडव्हान्सच्या स्प्रिंगा ढिल्या आहेत.

गाडी महिनाभर उभी राहिली की ऑइलच्या टाकीतलं ऑइल क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तळात) उतरतं. डिपस्टिकवर कमी दिसलं म्हणून लगेच ओतू नका. पाच मिनिटं चालवा, मग बघा.

कमांडर, धाराशिव

काळी-पिवळीवाल्यांना हे झोपेत येतं. डिझेल संपून बंद पडली की गाडी एअर धरते (डिझेलच्या नळ्यांत हवा अडकते), नुसतं डिझेल ओतून चालू होत नाही. डिझेल फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) सैल करा, हँडपंप मारा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. तसंच डिझेल पंपावरच्या स्क्रूचं करा. तरीही नाही घेतली तर इंजेक्टरच्या पाइपांचे नट थोडे ढिले करून स्टार्टर मारा, डिझेल आलं की आवळा. धारेत हात घालायचा नाही. दर दोन दिवसांनी एअर धरत असेल तर टाकीपासूनची नळी आणि बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर बघा.

कागदपत्रं, जालना

खाजगी गाडीला १५ वर्षं झाली की नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. फॉर्म २५, इन्शुरन्स, पीयूसी, पर्यावरण कर. अर्ज मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत करता येतो. आरटीओत जाण्याआधी चेसिस नंबरवरचं ग्रीस-गंज साफ करून पेन्सिलचा ठसा घरीच घेऊन बघा. आकडा उठत नसेल तर तिथं खोळंबा होतो.

स्प्लेंडर, हिंगोली

भाऊ, पावसाळ्यात शेतरस्त्यानं चाकात रेगडी भरून चाक जाम व्हायलंय. पुढचं मडगार्ड काढून टाकावं का?

त्यावर, सेनगावहून

नका काढू. मडगार्डची आतली कमान दोन्ही फोर्क बांधून ठेवते, ती गेली की हँडल लपलप करतं. लांब बोल्ट आणि जाड वायसर घालून मडगार्ड बोटभर वर उचला. चिखल ओला असतानाच काडीनं काढा. वाळलेला चिखल फोर्कच्या दांडीवर राहिला तर सील कापतो आणि फोर्कमधून ऑइल झिरपायला लागतं. चेन धुऊन ऑइल द्या, ग्रीस नको. ग्रीसला माती धरते.