जहाज दाखवायला पाच मिनिटं? ‘स्टार ट्रेक’च्या पहिल्या चित्रपटाबद्दल

दीर्घिका
“१९७९चा ‘द मोशन पिक्चर’ म्हणजे नुसतं जहाज मिरवणं, खरी सुरुवात दुसऱ्या चित्रपटापासून, ‘रॅथ ऑफ खान’पासून,” असं काल इथे कुणीतरी लिहिलं. मला ते अजिबात पटलेलं नाही. गोदीत उभं ‘एंटरप्राइज’ हे अवकाश-जहाज सावकाश दाखवणारं दृश्य पाल्हाळ नाही. जहाजाचा जुना कप्तान कर्क याला ते किती हवंय, हे तिथे जवळजवळ संवादाविना कळतं. संगीतकार गोल्डस्मिथचा पहिला तुकडा दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांनी नाकारला, कारण त्यात ठसणारी धून नव्हती. नंतर जी धून आली तीच ‘स्टार ट्रेक’च्या १९८७च्या मालिकेचं शीर्षकसंगीत झाली. चित्रपट अडखळतो तो पुढे, व्हीजर या महाकाय यंत्राभोवतीच्या ढगात.

रीळवाला
संगीत उत्तमच. पण “अडखळतो” एवढ्यावर भागवू नका. ढग, चेहरे, पुन्हा ढग, पुन्हा तेच चेहरे! कथाही मूळ टीव्ही मालिकेतल्या १९६७च्या ‘द चेंजलिंग’ भागाचीच: भरकटलेलं यान निर्मात्याला शोधतंय. १३२ मिनिटांत नवं काय दिलं?

दीर्घिका
त्या भागात कर्क यंत्राला त्याचीच चूक दाखवून संपवतो. इथे जहाजावरचा अधिकारी डेकर यंत्रात विलीन होतो. एवढा मोठा फरक दिसत नसेल, तर तुम्ही शेवट नीट पाहिलेला नाही.

रीळवाला
पाहिलाय, आणि नीट पाहिलाय. शेवट चांगला आहे म्हणून मधला भाग माफ होत नाही.

मॅटबॉक्स
मधला भाग का लांबला ते बघा. चित्रीकरणाच्या वेळी कलाकारांसमोर ढग नव्हताच. आधीच्या कंपनीकडून कामाचं फारसं काही न मिळाल्यानं १९७९मध्ये डग्लस ट्रंबुल यांच्याकडे ट्रिकदृश्यांचं काम आलं, आणि ७ डिसेंबर ही तारीख चित्रपटगृहांना आधीच दिलेली. ट्रिकदृश्यं इतकी उशिरा आली की जोडल्यावर छाटायला वेळच उरला नाही. गोदीच्या दृश्याची गोष्ट वेगळी. खोल अवकाशात सूर्य नाही, म्हणून सुमारे आठ फुटी मॉडेल त्याच्याच दिव्यांनी उजळल्यासारखं दाखवलं. त्यासाठी दंतवैद्याच्या आरशांसारखे छोटे आरसे लावून प्रकाशाचे ठिपके नेमके पाडले. खानमध्ये तेच मॉडेल निस्तेज दिसतं, कारण त्या चित्रपटाची ट्रिकदृश्यं करणाऱ्या आयएलएम कंपनीनं त्याची मोत्यासारखी चकाकी घालवली. हे अक्षम्य आहे!

रीळवाला
अक्षम्य कसलं? चकचकीत रंगावर मॉडेलमागे लावलेल्या निळ्या पडद्याचा निळा उजेड उमटतो. मॅट, म्हणजे जहाजाला पडद्यापासून वेगळं करणारा मुखवटा, काढताना तो भाग पडद्यासोबत गळतो आणि जहाजाला भोकं पडतात. चकाकी घालवणं हाच व्यवहार्य उपाय होता.

मॅटबॉक्स
मॉडेल कायमचं बदलण्याआधी प्रकाशयोजना बदलायची. आणि खानमध्ये जहाज गोदीतून निघतं ती दृश्यं पहिल्या चित्रपटातून उचललेली आहेत, हे विसरू नका.

दीर्घिका
मॉडेलवरून किती ताणणार? मूळ मुद्दा संकलनाचा आहे. २००१च्या दिग्दर्शकीय आवृत्तीत वाइज यांनी काही जागा छाटल्या आणि व्हीजर बाहेरून अखेर दिसलं. ढगातून बाहेर आल्यावर समोर नेमकं काय आहे हे कळतं, त्यामुळे तो प्रवास पेलवतो.

रीळवाला
ती आवृत्ती बरी, एवढं मानतो. पण १९७९मध्ये तिकीट काढलेल्यांना ती मिळाली नव्हती. आणि निळ्या उजेडाबद्दल मी लिहिलंय ते बरोबरच आहे.