पाळकांना विभागीय मेळाव्याला पाठवायचं का?

खानापूरकर: आमची बाप्टिस्ट मंडळी, म्हंजे चर्च, लहान हाय, उपदेश, आजाऱ्यांच्या भेटी, अंत्यविधी सगळं पाळक, म्हंजे आमचे धर्मगुरू, एकटेच बघतात. बेळगावच्या पाळकांच्या मेळाव्याला पाठवूया म्हटलं तर काहीजण म्हणतात खर्च कशाला. काय करावं?

निपाणीकर: पाठवाच बगा. आपल्यात पाळकांच्या वरचा बिशप नसतो, प्रत्येक मंडळी स्वतंत्र, मग पाळकानं मन मोकळं करायचं कुणाकडं? १७९२ ला इंग्लंडात नॉटिंगहॅमला पाळकांच्या अशाच मेळाव्यात बाप्टिस्ट पाळक विल्यम कॅरींनी उपदेश केला आणि त्याच वर्षी केटरिंगला परदेशात धर्मप्रसार करणारी बाप्टिस्ट मिशन सोसायटी निघाली, तेच कॅरी पुढं बंगालात आले, १८०५ ला सेरामपूरला मराठी व्याकरण छापलं.

चिकोडीची ताई: डीकननाही, म्हंजे पाळकांना मदत करणाऱ्या मंडळीतल्या सेवकांनाही, संगट पाठवा हो. कन्नड मंडळीवाले भेटतात, तरुणांचं काम कसं चालवतात ते कळतं. बसभाडं मंडळीनंच द्यावं, पाळकांच्या खिशातून नको.