मेक्सिकोचा कोक आणि अमेरिकेचा कोक: फरक साखरेचाच आहे

मधुपर्क:
अमेरिकेत कोका-कोलाने १९८० साली अर्ध्या साखरेच्या जागी मक्याचा पाक (हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप) चालवून घेतला आणि १९८४ मध्ये उरलेली साखरही गेली. बाहेरच्या साखरेवर कोटा, देशातला मका स्वस्त, म्हणजे हिशेब सरळ होता. मेक्सिकोहून काचेच्या बाटलीत येणारा कोक मात्र उसाच्या साखरेचा. अमेरिकेतच पासोव्हरच्या सुमारास पिवळ्या झाकणाचा कोक मिळतो. अश्केनाझी (मध्य-पूर्व युरोपातल्या परंपरेच्या) ज्यूंना त्या सणात मका चालत नाही, म्हणून त्यात साखर घालतात. लोक तो शोधून शोधून साठवतात ते उगाच नाही.

माझा दावा असा: फ्रुक्टोजचा गोडवा जिभेवर पटकन चढतो आणि पटकन उतरतो. साखरेचा (सुक्रोजचा) सावकाश चढतो आणि थोडा टिकतो. कोल्यातले मसाल्याचे आणि लिंबूवर्गी तेलांचे वास पहिल्या घोटानंतर वर येतात. साखर त्यांच्या सोबतीला असते, पाक तोवर निघून गेलेला असतो.

आम्लपित्त:
असहमत. बाटलीत भरलेली साखर तुम्ही पिता तेव्हा साखर राहिलेली असते का, हे आधी बघा.

कोल्याचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं पेय आंबट) साधारण २.५. एवढ्या आम्लात सुक्रोज पाण्याशी संयोग होऊन तुटते आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज समसमान सुटतात. २५ अंश सेल्सिअसला काही आठवड्यांतच निम्मी साखर फुटते. तापमान १० अंशांनी वाढलं की वेग तिप्पट-चौपट. उन्हातून ट्रकने आलेली, गोदामात दोन महिने पडलेली बाटली उघडताना आत उसाची साखर जेमतेम उरलेली असते.

आता आकडे. १०० मिलिलीटरला ११ ग्रॅम साखर धरा. पूर्ण फुटली की तिचे ११.६ ग्रॅम होतात (पाण्याचा रेणू आत गेल्यामुळे सुमारे ५ टक्के वजन वाढतं), म्हणजे ५.८ ग्रॅम फ्रुक्टोज. शीतपेयांत वापरतात त्या पाकाच्या घन भागात ५५ टक्के फ्रुक्टोज असतं (बाकी बहुतेक ग्लुकोज), म्हणजे ११ ग्रॅमला जवळपास ६ ग्रॅम. पाव ग्रॅमच्या या फरकावर एवढं महाभारत?

मधुपर्क:
फ्रुक्टोजचंच का मोजता? तुमच्याच आकड्यांनी ग्लुकोज एकीकडे ५.८ आणि दुसरीकडे साडेचार-पावणेपाच. एक ग्रॅमहून जास्त तफावत आहे. शिवाय बाटली ताजी असेल आणि थंड राहिली असेल तर? ५ अंशांना हेच विघटन वर्षभर रेंगाळतं.

आम्लपित्त:
ताज्या बाटलीपुरतं मान्य. पण मग वाद कोल्यावर घालूच नका. विघटनाचा वेग आम्लाच्या प्रमाणात चालतो. लिंबू चवीच्या पारदर्शक पेयांचा पीएच ३.३ च्या आसपास, तिथे साखर कोल्याच्या सहापट सावकाश फुटते. रूट बिअरचा (हे बिनदारूचं अमेरिकी शीतपेय) पीएच ४ च्या वर, तिथे ती महिनोन् महिने शाबूत. साखर विरुद्ध पाक हा फरक जिभेला कळायचाच असेल तर या पेयांत कळेल. लोक नेमकं सगळ्यात आंबट पेय धरून बसलेत.

तिसरा_पेला:
दोघेही कागदावर भांडताय. तीन पेल्यांची चाचणी करा: दोन पेले एकाच पेयाचे, एक दुसऱ्याचा, वेगळा कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने तिसरा हिस्सा उत्तरं बरोबर येतातच. २४ वेळा केलं तर किमान १३ बरोबर हवीत, १२ वेळा केलं तर ८. त्याहून कमी आली तर फरक कळला म्हणू नये.

लोक कुठे चुकतात ते सांगतो.
१) काचेची बाटली आणि कॅन थेट समोर ठेवतात. दोन्हींत गॅस सारखा नसतो आणि ओठाला लागणारी कडाही वेगळी. दोन्ही पेयं सारख्याच पेल्यांत, आडोशाला ओतायची.
२) तापमान जुळवत नाहीत. फ्रुक्टोज थंडीत जास्त गोड लागतं आणि कोमट झालं की उतरतं. साखरेत हा चढउतार फार कमी. एक पेला ५ अंशांवर आणि दुसरा १२ वर असेल तर तुम्ही फ्रिज चाखताय.
३) मांडणीचा क्रम बदलत नाहीत. सहा मांडण्या होतात, प्रत्येक चार वेळा घेतली की २४ पुऱ्या.
४) तारीख बघत नाहीत. एक बाटली दोन आठवड्यांची, दुसरी पाच महिन्यांची, मग तुलना कशाची?

बाटलीतली साखर फुटली की नाही हे घरी बघायचं तर लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या चालतात. त्या फक्त ग्लुकोजला रंग देतात, सुक्रोजला नाही. पण कोला तसाच लावू नका, पट्टीची मजल २ टक्क्यांपर्यंत असते आणि पाकवाल्या कोल्यात ग्लुकोज साडेचार टक्क्यांपुढे. एक भाग कोला, नऊ भाग पाणी. क जीवनसत्त्व घातलेल्या पेयात पट्टी खोटं कमी दाखवते, हे ध्यानात ठेवा.

मधुपर्क:
पट्टीची युक्ती झकास. पण गॅस सारखा करायला पेयातला गॅस घालवून चाचणी घेतात, ती मला मान्य नाही. कार्बन डायऑक्साइड गोडवा दाबतो. गॅस गेलेला कोला कुठल्याही देशाचा असो, नुसता गोड काढा लागतो.

लेबलवाचक:
जरा कॅन उलटा करून वाचा. अमेरिका-मेक्सिको हे भांडण फार झालं, देशादेशांतला मोठा फरक भलतीकडेच आहे.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०१८ पासून शीतपेयांवर कर लागला. तेव्हाचा दर: १०० मिलिलीटरला ५ ग्रॅम साखर असेल तर लिटरमागे १८ पेन्स, ८ ग्रॅम असेल तर २४. कंपन्यांनी साखर थेट पाचाच्या खाली आणली. स्कॉटलंडचं आयर्न-ब्रू १०.३ ग्रॅमवरून ४.७ वर आलं, बाकीचा गोडवा अ‍ॅस्पार्टेम आणि एसेसल्फेम-के या कृत्रिम गोड पदार्थांनी भरला. ओरड एवढी झाली की पुढे '१९०१' नावाने साखरेची आवृत्ती काढावी लागली. तिथल्या साध्या पेप्सीतही २०२३ पासून साखर ४.५५ ग्रॅम. साध्या कोकने मात्र १०.६ ग्रॅम तसेच ठेवले आणि कर भरला. पेप्सीच्या निळ्या कॅनवर 'डाएट' लिहिलेलं नाही, तरी निम्म्याहून जास्त साखर गायब! याच्यापुढे ऊस की मका हा प्रश्न किरकोळ आहे.

कडूगोड:
लेबलवाचकांशी सहमत, आणि बिनसाखरेच्या पेयांत तर देशागणिक रेसिपीच वेगळी. जर्मनीच्या कोक झिरोत सायक्लामेट (हाही कृत्रिम गोड पदार्थ), एसेसल्फेम-के आणि अ‍ॅस्पार्टेम असे तिघे आहेत. अमेरिकेत सायक्लामेटवर १९६९ मध्ये बंदी आली, म्हणून तिथल्या झिरोत उरलेले दोघेच. जपानमध्येही सायक्लामेट चालत नाही. युरोपात लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे.

एसेसल्फेम-के लगेच गोड लागतं, पण मागे कडू धातूसारखी चव सोडतं. अ‍ॅस्पार्टेम उशिरा चढतं आणि रेंगाळतं. दोन्ही मिळून साखरेच्या चढउताराची नक्कल होते आणि एकत्र घातले की कमी मात्रेत काम भागतं. सायक्लामेट साखरेच्या जेमतेम ३० ते ४० पट गोड, पण त्याचं काम कडसरपणा झाकायचं. म्हणून मला जर्मन झिरो जास्त गोल वाटतो.

आम्लपित्त:
'गोल' ठीक, पण मिश्रण बाटलीत स्थिर राहत नाही हे तुम्ही गाळलंत. अ‍ॅस्पार्टेम पीएच ४.३ च्या आसपास सगळ्यात टिकाऊ, कोल्याच्या आम्लात आणि उष्णतेत ते झिजत जातं. एसेसल्फेम-के मात्र तसंच उभं राहतं. म्हणजे जुन्या बाटलीत गोडवा नुसता कमी होत नाही, तोल कडू बाजूला झुकतो. सुक्रालोज हा आणखी एक कृत्रिम गोड पदार्थ आम्लात टिकतो, पण त्याचा गोडवा घशात फार वेळ बसून राहतो. अमेरिकेत डाएट पेप्सीने २०१५ मध्ये अ‍ॅस्पार्टेम काढून सुक्रालोज आणलं, ग्राहक बिथरले आणि अ‍ॅस्पार्टेम परत आणावं लागलं.

कडूगोड:
म्हणूनच कृत्रिम गोडव्याच्या पेयावर मी आधी तारीख बघायला सांगेन, मग देश. आणि एसेसल्फेम-केचा कडवटपणा सगळ्यांना सारखा लागत नाही, जिभेवर कडू चव टिपणाऱ्या रिसेप्टरांची जनुकं माणसागणिक वेगळी. तुम्हाला कडू लागलं म्हणून शेजाऱ्यालाही लागेल असं नाही.

मधुपर्क:
विषय पार झिरोवर गेला. माझं आणखी एक म्हणणं आहे, पेयाच्या भरीवपणाचं, म्हणजे अंगाचं. ११ टक्के साखरेचं पाणी साध्या पाण्यापेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त घट्ट वाहतं. कृत्रिम गोडव्यात ते अंग नसतंच, कितीही मिश्रणं करा.

आम्लपित्त:
अंग नसतं हे खरं. पण ११ टक्के पाकाचं पाणीही जवळजवळ तेवढंच घट्ट वाहतं. म्हणजे मूळ दाव्याला याचा काडीचा आधार नाही.

तिसरा_पेला:
मूळ दावा तपासायचाच असेल तर बाजारातली बाटली सोडा. एक लिटर पाण्यात १०५ ग्रॅम साखर आणि दीड ग्रॅम सायट्रिक आम्ल. दुसऱ्या लिटरमध्ये तेवढंच आम्ल, ५८ ग्रॅम फ्रुक्टोज आणि ५२ ग्रॅम डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच). डेक्स्ट्रोज ४७ नाही, ५२, कारण बाजारातल्या पुडीत सुमारे ९ टक्के पाणी बांधलेलं असतं आणि इथेच बहुतेकांचा प्रयोग फसतो. दोन्ही ५ अंशांवर आणा आणि त्याच दिवशी चाखा. उरलेलं ३५ अंशांवर महिनाभर ठेवून पुन्हा २४ फेऱ्या घ्या. पहिल्या दिवशी १३ आले आणि महिन्याने आले नाहीत तर आम्लपित्त बरोबर, दोन्ही वेळा आले तर मधुपर्क.

मधुपर्क:
आम्ल फॉस्फोरिक घ्या. सायट्रिकच्या लिंबूपणात साखरेचा शेवट झाकला जातो.