धानाच्या बांधीत लग्नाचे फोटो: तुमचे अनुभव लिहा

माझ्या भाचीचं लग्न ठरलंय. मुलगा नागपूरचा, आम्ही साकोलीकडचे. तिने कुणाचे तरी बालीतले फोटो पाहिले, डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातशेती आणि मधोमध नवरा-नवरी. आता तिला तसेच हवेत. तिचे बाबा म्हणतात, "घरामागं धानच आहे, बालीले कायले जाता?" मुद्दा बरोबर आहे. पण मुहूर्त निघालाय तुळशीच्या लग्नानंतरचा. तेव्हा बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यांत, धान उभं असेल की नुसती धसकटं, हे शेताच्या मालकालाही आज सांगता येत नाही.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, जिथे कुठे तुम्ही धानात फोटो काढले, काढून दिले किंवा तुमच्या शेतात येऊन कुणी काढून गेलं, ते लिहा. बाहेरचा अनुभव असेल तरी चालेल. साड्यांच्या दुकानांची नावं नकोत, ती आमच्याकडे भरपूर जमली आहेत.

लाखनीचा फोटोवाला

ताई, मुहूर्त आणि हिरवं धान यांचं कधी जमत नाही. चातुर्मासात लग्नं नसतात आणि धान हिरवं असतं ते नेमकं चातुर्मासात. मृगात पऱ्हे (रोपांसाठीचं बी) टाकले की जुलै-ऑगस्टात रोवणी, म्हणजे रोपांची लावणी, पोळ्याच्या सुमारास बांधी भरून येते, हलकं धान दिवाळीच्या आगेमागे कापायला येतं, जड धान त्यानंतर. तुमच्या तारखेला एखाद्या जड धानाच्या बांधीत सोनेरी रंग मिळेल, पण शेजारच्या बांधीत कडपा (कापून पसरलेलं धान) पडलेल्या असतील. म्हणून मी लग्नाचं आणि शेताचं काम वेगळंच धरतो. साखरपुडा झाला की शेतातले फोटो उरकून घ्यायचे.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती रोवणी नुकती झालेली बांधी. पाण्यात अख्खं आभाळ उतरलेलं असतं आणि रोप बोटभर वर. हे फार दिवस टिकत नाही, पानं एकमेकांना भिडली की पाणी दिसेनासं होतं. या दिवसांत लेन्सवरचा पोलरायझर (चकाकी कमी करणारी काच) काढून ठेवा, तो पाण्यातलं प्रतिबिंबच खाऊन टाकतो. पुढे गडद हिरव्यात मात्र तोच लावा. पानांवरची चमक जाते आणि हिरवा खरा दिसतो.

भर हिरव्या धानात एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. उजेड पानांवरून उसळून खालून चेहऱ्यावर येतो. नवरीच्या हनुवटीखाली, गळ्यावर हिरवट झाक चढते. नंतर कॉम्प्युटरवर रंग फिरवला तर ती झाक जाते, पण कपाळ जांभळं होतं. खालच्या बाजूने पांढरा रिफ्लेक्टर धरणारा एक पोरगा सोबत ठेवा, काम होतं. आणि हिरवा शालू नको. हिरव्यात हिरवी नवरी शोधावी लागते. कुंकवाचा लाल, हळदीचा पिवळा, जांभळा, काहीही चालेल.

पायऱ्यांचं म्हणाल तर आपल्याकडे बालीसारख्या उंच पायऱ्या नाहीत. पण मालगुजारी तलावाच्या (जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या गावतलावाच्या) पाळीवर, म्हणजे त्याच्या बांधावर, उभे राहा आणि खालच्या बांध्यांकडे बघा. पाणी एका बांधीतून दुसरीत आपोआप उतरावं म्हणून प्रत्येक बांधी आधीच्यापेक्षा थोडी खाली असते. जोडप्याला दूरच्या धुऱ्यावर (दोन बांध्यांमधल्या बांधावर) उभं करायचं आणि पाळीवरून 70-200 च्या लेन्सने घ्यायचं. लांबच्या लेन्समुळे बांध्या एकावर एक रचल्यासारख्या दिसतात. सूर्य तिरपा असतानाच, म्हणजे धुऱ्यांची सावली पडते. डोक्यावर ऊन आलं की सगळं सपाट होतं.

पुण्याहून टीम आणत असाल तर त्यांना सांगून ठेवा, आपल्याकडे सूर्य तिकडच्यापेक्षा सुमारे 25 मिनिटं आधी मावळतो. तिकडच्या हिशेबाने ते "अजून वेळ आहे" म्हणत चहा पीत बसतात.

बालीवरून परत आलेली, मुक्काम वर्धा

आम्ही बालीलाच काढले. हौस होती. तेगलालांग म्हणजे उबूदजवळच्या त्या प्रसिद्ध पायऱ्या. फोटोत दिसतं तेवढं रिकामं तिथे कधीच नसतं. जागोजागी झोपाळे, पैशाचे डबे, रांगा. शांत हवं असेल तर सिदेमेनची दरी किंवा जातिलुविह.

तिथलं गणित आपल्यापेक्षा वेगळं आहे. पाणी वाटून घेणारी शेतकऱ्यांची संस्था असते, तिला सुबक म्हणतात. युनेस्कोने 2012 मध्ये या व्यवस्थेला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. पाणी कुणाला कधी, रोवणी कधी, हे पाण्याच्या देवळांशी जोडून सगळे मिळून ठरवतात. त्यामुळे एका उतारावर धान पिकलेलं आणि समोरच्या उतारावर नुसता चिखल, असंही दिसतं. "बालीत बारा महिने हिरवं" हे अर्धंच खरं. बुकिंगच्या आधी त्या आठवड्याचा, त्याच शेताचा फोटो मागवा. नोव्हेंबर ते मार्च तिथे पाऊस, आणि आपली हिवाळ्यातली लग्नं नेमकी तेव्हाच.

दरीत ऊन उशिरा उतरतं आणि लवकर निघून जातं, कडेच्या डोंगरांमुळे. हॉटेलच्या गच्चीवर उजाडलं म्हणून खाली पळालो तर शेतात अजून निळसर सावलीच होती. आणि बांधावर पानाच्या द्रोणात फुलं ठेवलेली असतात, तो नैवेद्य आहे. साडीचा घोळ सांभाळा.

धुऱ्यावरचा

मी फोटोवाला नाही, शेतवाला आहे. माझी बांधी रस्त्याला लागून आहे, म्हणून सगळ्यांना तीच पाहिजे.

लोक विचारतात, "काका, दोन फोटो काढू का?" काढा ना जी. पण दोन फोटोंसाठी आठ माणसं येतात. नवरदेव, नवरी, तिची बहीण, मेकअपवाली, कॅमेरेवाले, छत्री धरणारा, आणि एक जण कशासाठी येतो ते मला आजवर कळलं नाही. ही सगळी एका धुऱ्यावर उभी राहतात. रोवणीनंतर धुरा ओला असतो, नुकता चिखल थापून लिपलेला. जिथं टाच रुतली तिथून पाणी झिरपतं, रातभरात भगदाड पडतं आणि सकाळी वरच्या बांधीतलं पाणी खालच्याच्या शेतात. युरिया टाकला असला तर तोही त्याच्याच घरी. मंग भांडण माझं आणि शेजाऱ्याचं, फोटोवाले गेले नागपूरले.

एका टीमनं तर ड्रोनमधून बरं दिसावं म्हणून नवरा-नवरीला बांधीच्या मधोमध नेलं. जाण्याची वाट आणि येण्याची वाट वेगळी. वरून काय दिसलं असेल ते असेल, खालून मला आडवी झालेली लोंब दिसली.

तर माझे नियम लिहून ठेवा:
धान निसवत (लोंब बाहेर पडत) असताना आत पाय नाही. कितीही पैसे द्या.
फवारणी झाली असली तर मी सांगीन त्या दिवसापर्यंत यायचं नाही. तुडतुड्याची फवारणी बहुधा तुम्हाला फोटो पाहिजे त्याच दिवसांत असते.
धुऱ्यावर एका वेळी दोघं. चपला काढून. उंच टाचा गाडीतच.
पैसे आधी बोलायचे, नंतर "काका, तुम्ही पण या ना फोटोत" असं नाही.

गवतात परड (घोणस साप) असते. हे भीती दाखवायला नाही सांगत. पहाटे धुऱ्यावरून चालताना पुढं काठी आपटत चालणारा माणूस ठेवा. गावातलाच ठेवा, त्याला रोजी द्या.

बाकी रोवणीच्या बायांचे फोटो विचारल्याशिवाय नोका काढू. त्या कामावर असतात, तुमच्या लग्नात नाही.

वैनगंगेपलीकडून

उन्हाळ्यात लग्न असेल तर उन्हाळी धान बघा. इटियाडोह, गोसीखुर्द, बावनथडीच्या कालव्याखाली ज्या वर्षी पाणी सुटतं त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत रोवणी होते आणि एप्रिलमध्ये चहूकडे करपलेलं असताना तेवढाच पट्टा हिरवागार असतो. माझ्या भावाचे फोटो असेच झाले, वैशाखातल्या लग्नाच्या दोन दिवस आधी. पण पाणी दरवर्षी सगळ्यांना मिळत नाही, पाळी ठरते. हॉल बुक करण्याआधी कालव्याच्या ऑफिसात विचारा, हे ऐकून वहिनीच्या माहेरचे हसले होते. ऊन मात्र भयानक. सकाळी साडेआठला सगळं आवरायचं, नंतर मेकअप गळतो आणि नवरदेव चिडतो.

सारसांच्या गावचा

गोंदियाकडे येणाऱ्यांसाठी. आमच्याकडच्या धानाच्या बांध्यांत सारस घरटं करतात, पावसाळ्यात, पाण्यातच गवत-पेंढ्याचा ढीग रचून. सारसाची जोडी जन्मभराची मानतात, म्हणून फोटोवाल्यांना ती नवरा-नवरीच्या मागे हवीच असते. मी समजू शकतो, मोह मोठा आहे. पण घरट्यावर ड्रोन नेला की पक्षी उठतो आणि अंडी उघडी पडतात. महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळपास या एवढ्याच भागात उरलाय. लांबच्या लेन्सने, रस्त्यावरून, मिळाला तर मिळाला.

ड्रोनचं आणखी एक. 2021 च्या नियमांप्रमाणे उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा लागतो. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाजवळ किंवा गडचिरोलीत असाल तर वनखात्याला आणि पोलीस ठाण्याला आधी विचारलेलं बरं. वरात निघालेली आणि ड्रोनवाला ठाण्यात, असं नको.

खामगावचा पाहुणा

आमच्या वऱ्हाडात कुठलं धान! आम्ही फुललेल्या तुरीत काढले. पिवळं चांगलं दिसतं, चिखल नाही, धुरा नाही, काका नाही.

धागाकर्ती

धुऱ्यावरचे काका, तुमचे नियम भाचीला जसेच्या तसे वाचून दाखवले. "आठवा माणूस बहुतेक मामा असेल," म्हणाली.

आता ठरतंय ते असं: जुलै-ऑगस्टात रोवणीनंतर एक सकाळ, आमच्याच गावच्या तलावाच्या पाळीवरून. नवरदेवाला सुट्टी मिळते का ते बघतोय. फोटोवाले भाऊ, त्या दिवशी पाऊस लागला तर पैसे जातात का?

लाखनीचा फोटोवाला

पाऊस थांबल्यावरचा तास सगळ्यात चांगला असतो ताई, त्यामुळे रद्द करू नका, थांबून राहा. मी राखीव दिवस धरतो, त्याचे वेगळे घेत नाही, झड लागली तरच पुढे ढकलतो. फक्त एक करा. तलावाखालची बांधी ज्यांची आहे त्यांना आत्ताच विचारून ठेवा, रोवणी कोणत्या आठवड्यात आहे आणि पहिली कोणती बांधी रोवणार. माझी तारीख त्यांच्यानंतर.