‘चार्ज नॉईज’ला मराठीत काय म्हणावे?

परभणीहून: एमएस्सीच्या मुलांसाठी क्वांटम डॉटवर (अर्धवाहकाच्या काही नॅनोमीटरच्या ठिपक्यावर) मराठीत टिपणं काढायलोय. ‘चार्ज नॉईज’पाशी अडलंय. ‘विद्युतभाराचा गोंगाट’ लिहिलं तर पोरं विचारायलीत, सर, यात आवाज कुठून आला? जाणकारांनी सुचवावं.

नांदेडहून: सर, आधी घडतं काय ते बघू, शब्द मागून येईल. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात इंडियम आर्सेनाइडचा वीसेक नॅनोमीटर रुंदीचा ठिपका. त्यात इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) एकत्र आले की फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सुटतो. त्याचा रंग ठिपक्यातल्या ऊर्जापातळ्यांवर ठरतो, आणि भोवतीचं विद्युतक्षेत्र बदललं की या पातळ्या सरकतात. हाच स्टार्क परिणाम. आता आसपास स्फटिकात दोष असतात, पृष्ठभागावर असतात, दोन थरांच्या सीमेवर असतात. तिथं एखादा इलेक्ट्रॉन अडकतो, काही वेळानं सुटतो. दर वेळी क्षेत्र जरासं बदलतं आणि रंगही जरासा सरकतो. ४ केल्विनपर्यंत थंड केलं तरी हे पुरतं थांबत नाही. उत्सर्जनाला साधारण १ नॅनोसेकंद लागतो, त्या हिशेबानं वर्णरेषेची रुंदी, म्हणजे रंगाचा पसारा, १ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आत हवी. प्रत्यक्षात ती कित्येक पट भरू शकते.

औंढा नागनाथहून: आमच्याकडे लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होतेय. तिथं जमिनीचे बारीक हादरेसुद्धा ‘नॉईज’मध्येच धरतात. म्हणजे आवाज हा अर्थ कधीच मागं पडलाय. ‘खरखर’ कसा वाटतो? रेडिओमुळं सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

लातूरहून: खरखर अखंड आणि भरभर चालते. इथं मामला संथ आहे. बरेचसे बदल मायक्रोसेकंदांपासून मिलिसेकंदांपर्यंत, कधी त्याहूनही सावकाश होतात. म्हणून तर लागोपाठ सुटलेले दोन फोटॉन जवळपास सारखे निघतात, आणि बऱ्याच अंतरानं सुटलेले जुळत नाहीत. माझं मत ‘चुळबुळ’ला. मागच्या बाकावरचं पोरगं उठून पळत नाही, पण स्वस्थही बसत नाही, तसे हे भार.

नांदेडहून: चुळबुळ झकास! फक्त कारण आणि परिणाम एकाच शब्दात कोंबू नका. भारांची चुळबुळ हे कारण. रंग मागंपुढं होतो तो ‘वर्णरेषेचं भटकणं’. आणि कॅडमियम सेलेनाइडचे कण (हेही क्वांटम डॉटच) मध्येच विझतात, पुन्हा पेटतात, ती ‘लुकलुक’. एकेका कणाची लुकलुक १९९६ साली नोंदवली गेली. तिथं बहुतेकदा खुद्द कणावरच जादा भार बसतो आणि प्रकाशाऐवजी ऊर्जा त्या जादा भाराला मिळते. ‘मिणमिण’ मात्र नको, त्यात उजेड कमी असला तरी सलग असतो.

परभणीहून: ठरलं, ‘भारांची चुळबुळ’. पहिल्यांदा येईल तिथं ‘चार्ज नॉईज’ही शेजारी ठेवतो, पोरांना पुढं इंग्रजी पेपर वाचायचेत. आता एक शेवटचं. डॉट डायोडमध्ये बसवून गेटला (क्षेत्र ताब्यात ठेवणाऱ्या विद्युत टोकाला) नेमका व्होल्टेज दिला की ही चुळबुळ पुष्कळ उतरते. त्याला ‘घालवणे’ म्हणू का?

लातूरहून: ‘शमवणे’ म्हणा. चुळबुळ उतरली तरी थोडी उरतेच. शिवाय अणुकेंद्रकांच्या स्पिनची (त्यांच्या अंगच्या चुंबकत्वाशी जोडलेल्या गुणाची) वेगळी हालचाल असते, ती गेटला दाद देत नाही.