मदत हवी आहे : टॅब सांभाळणारं एक्सटेन्शनच मेमरी खातंय, साठवलेली पानं न गमावता ते कसं काढू?

नमस्कार मंडळी,

मी घरून इंग्रजी-मराठी भाषांतराचं काम करते. बहुतेक माहितीपत्रकं शेतीची किंवा आरोग्याची असतात. एका वेळी तीन-चार कामं सुरू असतात आणि प्रत्येकाचा पसारा वेगळा: मूळ मजकूर, संस्थेने दिलेली शब्दांची यादी, दोन-तीन शब्दकोश, कृषी विद्यापीठांची जुनी पत्रकं. सत्तर-ऐंशी टॅब सहज उघडे असतात. एवढे कशाला लागतात, असं कृपया विचारू नका. ‘तुडतुडे’ आणि ‘फुलकिडे’ यांत माझी गल्लत झाली तर वाचणारा शेतकरी भलतंच औषध फवारेल, म्हणून एकेक शब्द चार ठिकाणी ताडून बघावा लागतो.

लॅपटॉप सहा वर्षांचा आहे. रॅम ८ जीबी, विंडोज ११, एसएसडी नंतर बसवून घेतली. ब्राउझर क्रोम.

दोन वर्षांपूर्वी टॅब सांभाळणारं एक एक्सटेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) घातलं. नाव मुद्दाम देत नाही, दोष नक्की कुणाचा हेच अजून कळायचं आहे. ते कामाप्रमाणे टॅबचे गट करतं, पंधरा मिनिटं हात न लागलेला टॅब झोपवतं (म्हणजे मेमरी वाचावी म्हणून त्यातलं पान तात्पुरतं मिटतं) आणि एका डॅशबोर्डवर प्रत्येक साठवलेल्या पानाचं छोटं चित्र आणि मी लिहिलेली टीप दाखवतं. डॅशबोर्ड मी पहिल्या जागी पिन करून ठेवलाय, दिवसभर उघडाच असतो. सुरुवातीचं वर्षभर मला याचा फार आधार वाटला.

गेले दोन महिने मात्र दुपारनंतर काम करणं अशक्य होतं. ‘प्रादुर्भाव’ टाइप केलं की ‘प्र’ उमटतो, मग दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग उरलेली अक्षरं एकदम येऊन पडतात, त्यातही एखादी मात्रा गळालेली. पंखा घोंघावतो. वर्डमधून ब्राउझरमध्ये यायला चहा गाळून होईल इतका वेळ.

मागच्या शनिवारी तर कहर झाला. एका ग्राहकाच्या संकेतस्थळावरच्या फॉर्ममध्ये ४२ संज्ञांचे मराठी प्रतिशब्द भरत होते. ३० झाले, एक शब्द अडला म्हणून दुसऱ्या खिडकीत शोधायला गेले. वीस मिनिटांनी परत आले तर टॅब झोपवलेला. क्लिक केल्यावर पान नव्याने उघडलं आणि सगळे रकाने कोरे. ते ३० शब्द पुन्हा आठवून लिहिताना रात्रीचे साडेअकरा झाले. ‘फॉर्म भरत असलेला टॅब झोपवू नये’ अशी खूण सेटिंगमध्ये केलेली होती, तरीही.

मग मी क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडला (शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं) आणि मेमरीच्या रकान्यावर क्लिक करून मोठ्यापासून छोट्यापर्यंत रांग लावली. एक्सटेन्शनची ओळ सकाळी नऊला १५० एमबी होती. दुपारी एकला ६४०. संध्याकाळी पाचला १,३८०! त्या वेळी दुसरा कोणताही टॅब २५० च्या वर नव्हता.

रविवारी प्रयोग म्हणून एक्सटेन्शन तात्पुरतं बंद केलं. बंद करताक्षणी झोपलेले सगळे टॅब पट्टीवरून नाहीसे झाले. माझ्या पोटात गोळा आला. परत सुरू केल्यावर डॅशबोर्डवरचा साठा जागच्या जागी होता, पण त्या खिडकीतले साठवायचे राहिलेले टॅब मात्र हिस्टरीतून एकेक करून शोधावे लागले.

आता माझे प्रश्न. मेमरी वाचवायला घातलेलं एक्सटेन्शन दिवसभरात असं नऊपट फुगतं कसं? ते काढलं तर डॅशबोर्डवरच्या १,११२ पानांचं काय होईल? त्यात दोन वर्षांची मेहनत आहे. क्रोमची स्वतःची मेमरी वाचवण्याची सोय माझ्यासारखीला पुरेल का? की सरळ रॅम १६ जीबी करून घेऊ?

प्रतिसाद

ताई, सगळ्यात आधी एक सांगतो: एक्सटेन्शन काढून टाकू नका. बंद करणं वेगळं आणि काढून टाकणं वेगळं. बंद केल्यावर त्याचा साठा संगणकावर राहतो, काढल्यावर त्याने ब्राउझरमध्ये साठवलेलं सगळं पुसलं जातं. आधी त्यातली एक्सपोर्टची सोय शोधा, फाइल उतरवून घ्या, आणि फाइल उघडून आतल्या ओळी मोजा. उतरली म्हणजे पूर्ण उतरली असं धरून चालू नका.

फुगण्याबद्दल. क्रोमच्या सध्याच्या पद्धतीत एक्सटेन्शनचा पडद्यामागचा भाग ३० सेकंद काही काम नसेल तर आपोआप बंद होतो, त्याने धरलेली मेमरी सुटते. पण तुमचा डॅशबोर्ड म्हणजे त्या एक्सटेन्शनचंच एक उघडं पान आहे. ते पिन करून दिवसभर उघडं असल्यावर त्याने गोळा केलेलं काही सुटतच नाही. माझा संशय त्या छोट्या चित्रांवर आहे. दिसताना ती छोटी दिसतात, पण बरीच एक्सटेन्शनं अख्ख्या पडद्याचा फोटो घेऊन तो नुसता लहान करून दाखवतात. १३६६ बाय ७६८ चा पडदा असेल तर पडद्यावर दाखवण्यासाठी उलगडलेलं एक चित्र सुमारे ४ एमबी जागा घेतं. डॅशबोर्ड वरखाली करताना अशी ऐंशी चित्रं उलगडली की ३०० एमबी तिथेच गेले.

आणखी एक गोष्ट, जी टास्क मॅनेजरच्या त्या ओळीत दिसत नाही. ज्या एक्सटेन्शनला सगळ्या संकेतस्थळांवरचा मजकूर वाचण्या-बदलण्याची परवानगी असते, ते आपला छोटा प्रोग्रॅम प्रत्येक पानात घुसवू शकतं. त्याचा भार त्या त्या टॅबच्या खात्यावर पडतो. म्हणजे १,३८० हा आकडासुद्धा पूर्ण नसेल.

उद्या फक्त एवढंच करून बघा: डॅशबोर्डचा टॅब बंद ठेवा, लागेल तेव्हा उघडा आणि काम झालं की मिटा. आकडे परत कळवा.

प्रतिसाद

फॉर्म कोरा झाला त्याबद्दल. टॅब झोपवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. जुन्या धाटणीची एक्सटेन्शनं मूळ पान हटवून तिथे स्वतःचं ‘झोपलंय’ असं पान बसवतात. तुमचे टॅब एक्सटेन्शन बंद करताच नाहीसे झाले ना, त्यावरून तुमचं या जातीचं आहे. ती पानं एक्सटेन्शनच्या मालकीची, मालक गेला की पानं गेली. दुसऱ्या तऱ्हेत ब्राउझर स्वतःच टॅबमधलं पान मेमरीतून उतरवतो. पत्ता तोच राहतो, टॅब पट्टीवर जागेवर असतो, क्लिक केलं की पान पुन्हा उघडतं.

क्रोममधली मेमरी सेव्हरची सोय या दुसऱ्या तऱ्हेची आहे. ती २०२२ च्या डिसेंबरात क्रोम १०८ बरोबर आली. सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली सापडेल. अर्धवट भरलेला फॉर्म, चालू असलेला आवाज किंवा व्हिडिओ, सुरू असलेलं डाउनलोड, पिन केलेला टॅब यांना ती सहसा हात लावत नाही. शिवाय ‘ही संकेतस्थळं कायम जागी ठेवा’ अशी यादी देता येते. ग्राहकाच्या फॉर्मचा पत्ता आजच त्या यादीत घाला.

हिस्टरीत शोधताना एक करा. झोपलेल्या पानाच्या लांबलचक पत्त्याच्या शेवटी बहुधा मूळ पत्ता दडलेला असतो. तेवढा तुकडा कापून नव्या टॅबमध्ये चिकटवला की पान उघडतं. पत्त्यात मराठी अक्षरं असतील तर त्या जागी टक्क्याच्या चिन्हांची माळ दिसेल, त्याने गोंधळू नका, तशीच चिकटवा.

प्रतिसाद

वरच्या दोघांशी सहमत. मला मात्र मेमरीपेक्षा परवानगीची काळजी वाटते. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचं टॅब झोपवणारं एक्सटेन्शन वीस लाखांहून जास्त लोक वापरत होते. २०२० मध्ये मूळ कर्त्याने ते दुसऱ्याच्या हवाली केलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने त्यात घातक कोड असल्याचं सांगून ते काढून टाकलं, लोकांच्या ब्राउझरमध्येही बंद केलं. ज्यांचे शेकडो टॅब त्यात झोपलेले होते त्यांच्यावर नेमकी ताईंच्या रविवारसारखी वेळ आली. एक्सटेन्शनं मागच्या मागे अपडेट होत असतात, मालक बदलला तरी आपल्याला पत्ता लागत नाही. ताई, तुम्ही ग्राहकांची अप्रकाशित कागदपत्रं त्याच ब्राउझरमध्ये उघडता. तुमच्या एक्सटेन्शनच्या पानावर जाऊन कर्ता तोच आहे का आणि शेवटचं अपडेट कधीचं, एवढं तरी बघा.

रॅमबद्दल: आधी लॅपटॉपवाल्याकडून मोकळा स्लॉट आहे का ते बघून घ्या, काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते. १६ जीबीने कामात फरक नक्की पडेल, पण ही गळती थांबली नाही तर ती जास्तीची जागाही संध्याकाळपर्यंत भरेल.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांचा हिशोब देते.

पहिल्या दिवशी फक्त डॅशबोर्ड मिटला, बाकी काही बदललं नाही. संध्याकाळी पाचला एक्सटेन्शनची ओळ १,३८० वरून २१० वर! आणि बराच वेळ तर ती ओळच यादीत नव्हती. म्हणजे चित्रांबद्दलचा संशय बरोबर निघाला असं मी धरते.

दुसऱ्या दिवशी एक्सपोर्ट केलं. फाइलमध्ये १,०८७ ओळी, डॅशबोर्डवर १,११२ पानं. २५ कमी दिसल्यावर हात थरथरले. अर्धी रात्र ताडून बघितलं, तर ती २५ पानं दोन-दोन कामांमध्ये साठवलेली होती आणि फाइलमध्ये एकेकदाच आली होती. काही हरवलं नव्हतं. ओळी मोजायला सांगितलंत, फार उपकार झाले.

तिसऱ्या दिवशी झोपलेले टॅब एकेक खिडकी करून जागे केले, प्रत्येक कामाची खिडकी कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून बुकमार्कच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवली, मेमरी सेव्हर सुरू केला आणि एक्सटेन्शन बंद केलं. आज संध्याकाळी साडेसहाला साठ टॅब उघडे असताना ‘प्रादुर्भाव’ एका दमात उमटला. मी तो शब्द चार वेळा लिहून बघितला.

कर्त्याचं नाव तेच आहे, पण शेवटचं अपडेट दीड वर्षापूर्वीचं. रॅमचा खर्च सध्या पुढे ढकलते.

एक अडचण उरलीय. एक्सपोर्टच्या फाइलमध्ये पत्ता आणि शीर्षक आहे, पण माझ्या टिपा नाहीत. ‘हा शब्द विदर्भात वेगळ्या किडीसाठी वापरतात, पान ३ बघ’ अशा स्वरूपाच्या तीनशेच्या आसपास टिपा आहेत आणि त्या दुसरीकडे कुठेही नाहीत.

प्रतिसाद

टिपा डॅशबोर्डवर दिसतात ना? मग एक्सटेन्शन तेवढ्यापुरतं सुरू करा, एका वेळी एकच काम उघडा, पान शेवटपर्यंत खाली सरकवा म्हणजे सगळं लोड होईल, आणि कंट्रोल-पी दाबून पीडीएफ म्हणून साठवा. अख्खा डॅशबोर्ड एकदम छापायला घेऊ नका, परत गोठेल. पीडीएफमधला मराठी मजकूर कॉपी करताना जोडाक्षरं मोडण्याची शक्यता असते, म्हणून ज्या टिपा पुढे वापरायच्या त्या थेट डॅशबोर्डवरूनच निवडून वर्डमध्ये चिकटवा. पीडीएफ जपून ठेवण्यापुरती.

धागालेखिका

हे जमेल. एकूण ११ कामं आहेत, रोज दोन करते. सगळ्या टिपा वर्डमध्ये येऊन मोजून होईपर्यंत एक्सटेन्शन बंदच ठेवते, काढत नाही.