चेक हेवीवेट बॉक्सर कोणी माहितीये का?

सिडकोतला_पोरगा: आमच्या जिममधले सर म्हणाले १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये एका चेक हेवीवेटला मेडल होतं. सगळे क्लेचंच (म्हणजे नंतरचा मुहम्मद अली) बोलतात, तर हा कोण? नंतर प्रोफेशनल झाला का?

पंचवटीकर: योसेफ नेमेत्स रे. ब्राँझ. तेव्हा ८१ किलोच्या वर गेलं की सगळे एकाच गटात, सुपर हेवी वगैरे १९८४ पासून. क्ले त्याच्याच खालच्या गटात, लाइट हेवीला, म्हणजे दोघांची गाठ पडलीच नाही. गोल्ड इटलीच्या दे पिक्कोलीला, घरचं मैदान ना! अन् ब्राँझ दोन देतात, सेमीत हरलेल्या दोघांनाही.

सिडकोतला_पोरगा: मग पैसे कमवायचे ना त्याने

गंगापूररोड_दादा: कुठून कमवणार, चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट राजवटीत प्रोफेशनल बॉक्सिंगला बंदीच होती, अ‍ॅमेच्युअरच खेळायचं. आपल्याकडं तालमीतला पैलवान नोकरी सांभाळून रात्री माती अंगाला लावतो तसं समज. तरी १९६३ ला मॉस्कोत युरोपियन चॅम्पियन झाला पठ्ठ्या.

पंचवटीकर: आणि नेमेचेकशी घोळ घालू नको, तो बोहुमिल, त्याच रोममध्ये लाइट वेल्टर या हलक्या वजनगटाचं गोल्ड. नावं सारखी म्हणून मी पण आधी फसलो होतो 😅

सिडकोतला_पोरगा: भारी. उद्या सरांना सांगतो, मिसळ त्यांच्याकडून 😁